८ डिग्री पाण्यात डाइव्ह करायचीय, तारकर्लीतल्या माणसाने काय तयारी करावी?

खडपातला (देवबाग)

नमस्कार मंडळी. इथे वाचत असतो बरेच दिवस, लिहितोय पहिल्यांदा, जरा लांब झालं तर सांभाळून घ्या.

मी तारकर्लीत डाइव्ह गाइड आहे, हा नववा सीझन. घर देवबागला, घरची पात (छोटी होडी) आहे, बाबा नि काका अजून जाळ्याला जातात. पर्यटकांना किल्ल्याच्या बाजूच्या खडपांवर उतरवतो, ६-७ मीटर पाणी, बरं असलं तर ५-६ मीटरपर्यंत दिसतं, वारा फिरला की स्वतःचा हात दिसत नाही. माझा डायव्हिंगचा अॅडव्हान्स कोर्स झालाय, निवतीसमोरच्या दीपगृहाच्या खडकांकडे १८-२० मीटरपर्यंत गेलोय. सगळ्या मिळून हजाराच्या वर बुड्या असतील पण एकजात गरम पाण्यातल्या, आपलं पाणी सीझनभर २६ ते २९ च्या मधे असतं आणि जानेवारीत सकाळी चौथ्या राउंडला दात वाजायला लागतात ते तेवढ्यातच.

आता झालंय असं की माझी मामेबहीण कॅनडात असते, व्हँकुव्हरला. भावजी डायव्हिंग करतात. फेब्रुवारीत ये म्हणतायत, तिकीट ते काढतायत, आणि त्यांनी मला एक व्हिडिओ पाठवला तो मी निदान वीस वेळा बघितला असेल. हिरवं पाणी, एक कडा सरळ खाली गेलेला, त्यावर फुलकोबीसारखी पांढरी पांढरी काहीतरी माणसाच्या कमरेएवढी उंच, आणि एका बिळातून म्हाताऱ्या माणसासारखं तोंड असलेला मासा बाहेर डोकावतोय. समुद्रावर जन्म गेला पण असलं काही बघितलं नव्हतं. पाणी किती म्हणून विचारलं तर म्हणाले ८ डिग्री.

मला थंडीची भीती का वाटते ते सांगतो. गेल्या वर्षी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सीझन सुरू व्हायच्या आधी मुरिंगची (बोट बांधून ठेवायची) साखळी बघायला उतरलो होतो, वर पाणी गरम, आणि १२ मीटरच्या खाली गेल्यावर, घरच्या विहिरीत खोल बुडी मारली की पायाला कसं अचानक गार लागतं, तसं लागलं. डाइव्ह कॉम्प्युटरवर २३ डिग्री. तिथे एक विचित्र प्रकार बघितला तोही सांगतो, तळाजवळची सगळी जनावरं, शेवंड, कुर्ल्या, छोटे मासे, खडपाच्या वरच्या अंगाला गोळा होऊन बसलेली, एरवी बिळातून नाक बाहेर न काढणारा मोठा गोबरा उघड्यावर तरंगत होता आणि मी जवळ गेलो तरी हलला नाही. मला शॅकलची (साखळी जोडायच्या कडीची) पिन फिरवायची होती, दहा-बारा मिनिटांत बोटं अशी झाली की पिन हातात आहे का नाही तेच कळेना. तशीच सोडून वर आलो. म्हणजे २३ ला ही गत तर ८ ला काय होईल?

तर विचारायचं असं की ड्राय सूट (आत पाणी न येणारा) लागतोच का, का जाड वेटसूट (आत पाणी येणारा रबरी सूट) चालेल, शिकायला किती दिवस लागतात, हातांचं काय करतात, आणि ती जनावरं अंगावर येणारी आहेत का. आणि इथला अनुभव तिथे कशाला उपयोगी पडतो का हेही सांगा. कुणी गेलं असेल तर मनापासून लिहा.

नांगरवाला (रत्नागिरी)

भाऊ, प्रश्न व्यवस्थित विचारलायस म्हणून व्यवस्थित लिहितो. मी मिरकरवाड्याचा, १४ वर्षं कमर्शियल डायव्हर, त्यातली ४ वर्षं नॉर्थ सी मध्ये. तिथे कामावर आम्हाला हॉट वॉटर सूट असतो, म्हणजे वरून होजने गरम पाणी सतत सूटमध्ये सोडत राहतात, त्यामुळे तो अनुभव तुझ्या कामाचा नाही. पण सुट्टीत मी स्कॉटलंडमधल्या एका लॉकमध्ये, लॉक म्हणजे आपल्या खाडीसारखं डोंगरात घुसलेलं पाणी, ड्राय सूट शिकलो, मार्च महिना, पाणी ६ डिग्री.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढ, की थंडी सहन करायची असते. सहन होत नसते. पाणी अंगातली ऊब हवेपेक्षा साधारण २५ पट वेगाने ओढून नेतं, तिथे तू कितीही पट्टीचा असलास तरी शरीर आपलं काम करतंच. थंड पाण्याबद्दल तिकडे १-१०-१ असं शिकवतात. पहिलं १ मिनिट श्वास आपोआप धापा टाकल्यासारखा होतो तो ताब्यात आणायला, पुढची १० मिनिटं हातपाय कामाचे, आणि साधारण १ तासाने शुद्ध हरपायला लागते. हे सूट नसताना पाण्यात पडलेल्या माणसासाठी आहे पण मधलं १० लक्षात ठेव, माणूस थंडीने बेशुद्ध व्हायच्या कितीतरी आधी त्याची बोटं जातात, आणि बोटं गेली की बकल, वाल्व, चाकू सगळं असून नसल्यासारखं. तुझी पिन फिरली नाही ती हीच गोष्ट.

वेटसूट का नको ते सांगतो. निओप्रीन म्हणजे रबरात अडकलेले हवेचे बुडबुडे, २० मीटरवर दाब ३ बार, बुडबुडा तिसरा हिस्सा उरतो, म्हणजे जिथे ऊब सगळ्यात जास्त पाहिजे तिथेच सूट पातळ होतो. ७ मिलीचा घालून लोक जातात, एक डाइव्ह निघते, दुसऱ्या डाइव्हला ओला सूट परत अंगात चढवताना रडू येतं. ड्राय सूटमध्ये तू कोरडा असतोस, आत थर्मल आणि मऊ जाड कपडे, मानेला आणि मनगटाला लेटेक्सचे सील, आणि छातीवरच्या वाल्वमधून थोडी थोडी हवा आत सोडायची. ऊब त्या कपड्यांची आणि हवेची असते, वरचा कापडाचा सूट फक्त पाणी थांबवतो. म्हणून आतल्या कपड्यांत काटकसर करू नकोस आणि कॉटनचं काही घालू नकोस, घाम धरून ठेवतं.

पण हीच हवा शिकायची असते. वर येताना ती फुगते, खांद्यावरच्या वाल्वमधून वेळेत सोडली नाही तर तुला घेऊन वर सुटते. पाय डोक्यापेक्षा वर गेले तर हवा पायात जाऊन बसते आणि उलटा लटकतोस. कमरेला बांधायचं शिशाचं वजनही वेगळं, मला रत्नागिरीत ४ किलो पुरतं, तिकडे १४ लागलं. १ दिवस स्विमिंग पूल आणि मग उथळ, शांत पाण्यात निदान ४-५ बुड्या, एवढं झाल्याशिवाय कड्यावर जाऊ नकोस. हजार बुड्यांचा माणूस पहिल्या दिवशी नवशिक्यासारखा हेलकावतो, मी बघितलंय.

आता रेग्युलेटर, म्हणजे टाकीतली हवा तोंडात देणारं यंत्र. हे सगळ्यात महत्त्वाचं म्हणून सविस्तर. टाकीतली हवा २०० बारवरून त्याच्या टाकीवर बसणाऱ्या भागात, फर्स्ट स्टेजमध्ये, एकदम १० बारच्या आसपास उतरते, हवा अशी अचानक पसरली की गार पडते, त्यात बाहेरचं पाणी ६-८ डिग्री, मग आतल्या भागांवर बर्फ धरतो, वाल्व उघडा तो उघडाच राहतो आणि हवा धो धो सुटते. फ्री फ्लो म्हणतात त्याला. माझ्याबरोबर हे लॉकमध्ये झालं, १४ मीटरवर, भाड्याने दिलेला रेग्युलेटर थंड पाण्याचा नव्हताच, देणाऱ्याने बघितलं नव्हतं आणि मीही बघितलं नव्हतं. तोंडात सगळे बुडबुडे, मास्कसमोर पांढरं, काही दिसेना, आणि टाकीतल्या हवेचा काटा डोळ्यांदेखत खाली येत होता. इन्स्ट्रक्टरने माझा दंड पकडून स्वतःचा ऑक्टो (तोंडात धरायचा जादा रेग्युलेटर) दिला, मागून माझी टाकी बंद केली आणि आम्ही सावकाश वर आलो. तेव्हापासून मी १० डिग्रीच्या खाली चालणारा, बाहेरचं पाणी आतल्या भागांना लागू न देणारा, सील केलेला रेग्युलेटर आहे का ते स्वतः बघतो. युरोपात बनलेल्यांवर '>१० डिग्री', म्हणजे १० च्या वरच्याच पाण्यासाठी, असा शिक्का असला तर तो तुझ्या कामाचा नाही. बोटीवर गार हवेत तोंडात घेऊन चाचणीचे श्वास ओढत बसू नकोस, पर्ज (हवा सोडायचं) बटण दाबून धरू नकोस, आणि बीसीडी (हवेने फुगणारं जॅकेट) नि सूट एकाच वेळी भरू नकोस.

पाणी भरपूर पी. थंडीत लघवी जास्त होते, शरीर सुकतं, आणि सुकलेल्या शरीराला बेंड्सचा (अंगात नायट्रोजनचे बुडबुडे धरण्याचा) धोका जास्त. वर आल्यावर लगेच कढत पाण्याने आंघोळ करायची नाही हे पण त्यातच आलं.

देवगडची लेक (व्हँकुव्हर आयलंड)

खडपातला दादा, तुमचा प्रश्न वाचून मला आत्ताच्या आत्ता लिहावंसं वाटलं. मी मूळची देवगडची, २०१६ पासून इथे आहे, थंड पाण्यातल्या १४० बुड्या झाल्यात आणि गरम पाण्यातली एकच, ती तारकर्लीतली, लग्नाच्या आधी.

नांगरवाल्या दादांनी सूटचं सगळं सांगितलंय, हातांचं मी सांगते. कोरडे हातमोजे मिळतात, सूटच्या मनगटाला कड्याने बसतात, आत लोकरीचे मोजे. जाड असतात, बोटांची नजाकत जाते, पण ४० मिनिटांनंतर सुद्धा क्लिप उघडता येते. ते नसतील तर ५ मिलीचे ओले मोजे, त्यात बोटीवर असतानाच थर्मासमधलं कोमट पाणी ओतून मग उतरायचं. हे मला एका म्हाताऱ्या डायव्हरने शिकवलं आणि त्याचा फार उपयोग होतो. थंडी खरी कुठे लागते माहितीये का, कपाळाला आणि ओठांना. मास्क आणि हूडच्या मधली ती दोन बोटं जागा, पाण्यात डोकं गेलं की आइस्क्रीम पटकन खाल्ल्यावर दुखतं तसं कपाळ दुखतं, दोनेक मिनिटांनी बधिर होतं आणि मग विसरायला होतं.

आता ती जागा. भावजींनी व्हिडिओ पाठवलाय तो बहुतेक ब्राउनिंग पासचा असणार, व्हँकुव्हर आयलंड या बेटाच्या अगदी उत्तर टोकाला पोर्ट हार्डी गाव आहे तिथून बोटीने जातात. ही दोन बेटांमधली अरुंद वाट आहे, भरती-सुकतीला पाणी त्यातून नदीसारखं धावतं, म्हणून भरती संपून सुकती लागायच्या मधे पाणी जेव्हा जरा उभं राहतं तेवढ्यातच उतरायचं. तुम्ही विचारलंत ना इथला अनुभव काय कामाचा, तर हा. इथले लोक कोष्टक बघून वेळ ठरवतात आणि तरी कॅप्टन केल्पकडे, म्हणजे इथल्या उंच समुद्री शेवाळाकडे, बघत बसतो, पाणी ओढत असेल तर केल्प आडवा पडतो, ओढ संपली की उभा राहतो. तुम्हाला पाण्याची ओढ अंगाला कळते, पातीवर वाढलेल्या माणसाला ते शिकवावं लागत नाही. मी देवगडची असून मला शिकावं लागलं.

केल्प म्हणजे समुद्रातलं शेवाळंच पण माडाएवढं, तळाला दगडाला धरलेलं आणि वर नारळाएवढा हवेचा फुगा. एका वर्षात ३० मीटरच्या वर वाढतो आणि हिवाळ्यात वादळाने उपटून जातो. त्याच्या दांड्याला धरून खाली उतरलं की १० मीटरच्या खाली कडा सुरू होतो, आणि त्यावर एक बोट ठेवायला जागा नसते. खरंच नसते. तुमची ती पांढरी फुलकोबी म्हणजे प्लुमोज अॅनिमोन, प्राणी आहे, मोठा मीटरभर उंच होतो. मधे लाल मऊ प्रवाळ, पिवळे स्पंज, आणि टॉर्च लावल्याशिवाय यातलं काही कळत नाही कारण सगळं हिरवट करडं दिसतं. टॉर्च लावला की लाल रंग अंगावर येतो. मला पहिल्या वेळी रडू आलं होतं, मास्कमध्ये.

ह्या कड्यावर माझा सगळ्यात लाडका प्राणी मात्र ८ सेंटिमीटरचा आहे. आपल्याकडे खडपाला धारदार कवचं चिकटलेली असतात ना, ज्यांनी पाय कापतो, ती बार्नॅकल, तशीच इथे पण वाटीएवढी मोठी असतात. ती मेली की रिकाम्या कवचात ग्रंट स्कल्पिन नावाचा मासा राहायला येतो. तोंड बाहेर करून बसला तर त्याचं टोकदार नाक मिटलेल्या बार्नॅकलसारखं दिसतं, आणि शेपूट बाहेर करून बसला तर तिचे काटे बार्नॅकल खाताना बाहेर काढतं त्या पिसाऱ्यासारखे. मी एकदा एका कवचासमोर पाच मिनिटं थांबले होते, रिकामंच वाटत होतं, आणि मग त्यातला एक डोळा फिरला. नुसता एकच डोळा, दुसरा तिथेच, दोन्ही वेगवेगळे फिरतात त्याचे. पोहता फारसं येत नाही त्याला, परांच्या टोकांवर उड्या मारत मारत चालतो.

तो म्हाताऱ्या तोंडाचा मासा म्हणजे वुल्फ ईल. नावात ईल आहे आणि अंग आपल्या वामेसारखं लांब आहे, पार २.४ मीटरपर्यंत होतो, पण वामेच्या कुळातला नाही. तो राखाडी, सुजलेल्या कपाळाचा आणि जाड ओठांचा बहुतेक नर. बिळात नर-मादी जोडीने राहतात, वर्षानुवर्षं तेच बीळ. जबडा असा की काटेरी समुद्री अर्चिन काट्यांसकट फोडून खातो. अंगावर येतो का, नाही. मी गेल्या वर्षी एकाच्या बिळासमोर १८ मीटरवर गुडघे टेकून होते, हात आवरून. त्याने आधी डोकं काढलं, मग हातभर बाहेर आला, माझ्या मास्कपासून वीतभरावर थांबला. दातांच्या फटीत जांभळ्या काट्याचा एक तुकडा अडकलेला दिसत होता आणि ओठावर दोन जुने वण होते. मागे अंधारात मादीचं तपकिरी तोंड. श्वास सोडला की माझ्या बुडबुड्यांनी तो जरा आत जायचा, परत यायचा. मग मी सावकाश श्वास घ्यायला लागले, तेव्हा तो थांबला. काही लोक त्यांना अर्चिन फोडून भरवतात म्हणजे व्हिडिओ चांगला येतो. कृपा करून ते करू नका, भरवायची सवय लागलेला मासा प्रत्येक डायव्हरच्या हातावर झडप घालतो आणि मग लोक त्यालाच दोष देतात.

ऑक्टोपस शोधायचा असेल तर बिळाबाहेरच्या कुर्ल्यांच्या कवच्या बघायच्या. जायंट पॅसिफिक ऑक्टोपस जेवून झालं की फोडलेल्या कवच्या दाराबाहेर टाकतो, असा ढीग दिसला की टॉर्च तिरका धरून आत बघायचं, बऱ्याचदा नुसती चोषकांची (हातांवरच्या चिकटायच्या वाट्यांची) एक रांग दिसते. मादीच्या अंगावर दोन हजारांच्या वर चोषकं असतात. तीन हृदयं, निळं रक्त, आणि आयुष्य जेमतेम ३ ते ५ वर्षं. एकदा मी मादीला अंड्यांवर बसलेली बघितली, तांदळाच्या दाण्याएवढी अंडी, वेण्या घातल्यासारखी बिळाच्या छताला लटकलेली, आणि ती नळीतून त्यांच्यावर पाण्याचा झोत सोडत होती. सहा-सात महिने ती तशीच बसते, काही खात नाही, पिल्लं बाहेर पडली की मरते. आम्ही टॉर्च बंद केले आणि मागे सरकलो.

एकाच गोष्टीपासून सांभाळा, लायन्स मेन जेलीफिश. तांबूस, आणि तिचे तंतू कितीतरी मीटर लांब मागे लोंबत असतात. सगळं अंग झाकलेलं असतं पण ओठ उघडे राहतात आणि तंतू नेमका तिथेच लागतो. वर येताना वर बघत या.

आणि फेब्रुवारीच कशाला? तुमचा सीझन बुडेल. पाणी इथे वर्षभर ७ ते १० च्या मधेच असतं, फरक पडतो तो दिसण्यात. उन्हाळ्यात प्लँक्टनमुळे (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे) हिरवा काला होतो, हिवाळ्यात सगळ्यात स्वच्छ. पण सप्टेंबरच्या शेवटी निवळायला लागतं आणि वादळं अजून सुरू झालेली नसतात. तुमच्याकडे तेव्हा बोटी वर ओढलेल्याच असतात.

माहीमकर

सगळं वाचलं, छान माहिती आहे, पण मला प्रामाणिकपणे वाटतं की एवढा खटाटोप करून तिकडे जाण्याआधी आपलं आपण बघावं. अँग्रिया बँक मालवणच्या माणसाने बघितली नाही तर कुणी बघायची? किनाऱ्यापासून १०० किलोमीटरच्या वर आत, कान्होजी आंग्र्यांच्या नावाची बुडालेली प्रवाळाची पठार, माथा २०-२५ मीटरवर, पाणी निळंशार. मी एकदाच बोटीवरून गेलोय, अजून डोळ्यांसमोर आहे. तारकर्लीचा माणूस कॅनडाला जातो आणि अँग्रियाला जात नाही याचं वाईट वाटतं, रागावू नका.

खडपातला (देवबाग)

माहीमकर, रागावण्यासारखं काही नाही, मला अँग्रियाला जायचंच आहे. पण तिथे जायला मोठी बोट, दोन-तीन दिवस, वर हवा धरून राहायला पाहिजे, गाइडच्या पगारात ते स्वतःचं स्वतः होत नाही, बोलावणं कॅनडाचं आलंय. आणि खरं सांगायचं तर मला तिथलं बघून इथलं जास्त कळेल असं वाटतं. मी नऊ वर्षं तेच खडप बघतोय, पर्यटकाला बटरफ्लाय फिश दाखवतो, सार्जंट फिश दाखवतो, फोटो काढतो, वर आणतो. बार्नॅकलच्या रिकाम्या कवचात कोण राहतं हे मी कधी वाकून बघितलेलं नाही. काल ताईचं वाचून संध्याकाळी सुकतीला खडपावर गेलो आणि टॉर्च घेऊन एक तास बघत बसलो. तीन कवचांत इवलासा मासा होता, बोटाच्या पेराएवढा, करडा, डोळे वर. आईला विचारलं, ती म्हणाली ते असतातच. नाव तिलाही माहीत नाही.

देवगडची लेक ताई, सप्टेंबरचं भारी सुचवलंत, बहिणीला आजच फोन करतो. ते मोज्यात कोमट पाणी ओतायचं मला पटलं.

एक राहिलं, तो गोबरा. कुणाला माहितीये का तो असा का तरंगत होता?

शिंपली (वेंगुर्ले)

मला माहितीये. मी सागरी जीवशास्त्रात एमएस्सी करतेय आणि तुम्ही जे बघितलंत ते लिहून ठेवा, तारीख, वेळ, खोली, तापमान सगळं.

पावसाळ्यात आपल्या किनाऱ्याला लागून वरचं पाणी बाहेर ढकललं जातं आणि त्याच्या जागी खोलातलं थंड पाणी तळातून वर सरकत किनाऱ्याकडे येतं. त्याच वेळी नद्यांचं आणि पावसाचं गोडं, हलकं पाणी वर झाकणासारखं पसरलेलं असतं, त्यामुळे वरचं खालचं मिसळत नाही. खाली अडकलेल्या पाण्यातला ऑक्सिजन कुजणाऱ्या प्लँक्टनमध्ये संपत जातो. गोव्यात कांदोळीसमोर राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे लोक वर्षानुवर्षं हे मोजतायत, ऑगस्ट ते ऑक्टोबर तळाचं पाणी २२-२३ च्या आसपास येतं आणि ऑक्सिजन कधीकधी जवळजवळ शून्यावर. तुमचा गोबरा थंडीने सुस्त नव्हता, त्याला श्वास घ्यायला पुरत नव्हतं. शेवंड आणि कुर्ल्या खडपाच्या माथ्यावर आल्या त्या त्याच्यामुळेच, वर जरा बरं पाणी होतं. तुम्हाला टाकी होती म्हणून फक्त गार लागलं.

म्हणजे आपलं थंड पाणी आणि ताईंचं थंड पाणी हे उलटे आहेत. नुसतं बघितलं तर ८ डिग्री पाण्यात २८ डिग्रीच्या पाण्यापेक्षा जवळजवळ दीडपट ऑक्सिजन मावतो, त्यात ती भरती-सुकती पाणी वरखाली घुसळत राहते, खाणं सतत येतं, म्हणून तिथे मीटरभर उंच अॅनिमोन आणि एवढाले ऑक्टोपस पोसले जातात. आपल्याकडे तळाला येणारं थंड पाणी खोलात बराच काळ राहून दमलेलं असतं.

ताई, तुम्ही सनफ्लॉवर सी स्टारचं काहीच लिहिलं नाही? बघितलाय का कधी?

देवगडची लेक (व्हँकुव्हर आयलंड)

शिंपली, मुद्दाम नव्हतं लिहिलं, वाईट वाटतं म्हणून. २४ हातांपर्यंतचा, मीटरभर रुंद तारामासा, समुद्राच्या तळावर धावतो म्हणावं इतका वेगात चालतो. २०१३ मध्ये साथ आली, हात गळून पडायचे आणि अंग चिखलासारखं विरघळायचं, ९० टक्क्यांच्या वर मेले. मी आले तेव्हा जुने डायव्हर सांगायचे की पूर्वी प्रत्येक बुडीला दिसायचे. तो अर्चिन खायचा, तो गेला तसे अर्चिन वाढले आणि त्यांनी ठिकठिकाणी केल्प खाऊन संपवला. कारण सापडायला २०२५ उजाडलं, व्हिब्रिओ पेक्टेनिसिडा नावाचा बॅक्टेरिया निघाला. १४० बुड्यांत मी मोठा असा एकच बघितलाय, एका थंड खाडीच्या आतल्या टोकाला, केशरी, २१ हात मोजले.

दादा, तुम्ही आलात तर आधी ४ दिवस माझ्याकडच्या शांत खाडीत ड्राय सूटच्या बुड्या काढू, माझ्या नवऱ्याचा सूट तुम्हाला होईल असं वाटतं, उंची कळवा आणि बुटाचा नंबर. रेग्युलेटर मी देते, सील केलेला, मागच्याच महिन्यात सर्व्हिस झालाय. मग पोर्ट हार्डीला जाऊ.

खडपातला (देवबाग)

ताई, उंची ५ फूट ७, बूट ८ नंबर. बहिणीशी बोललो, २० सप्टेंबरनंतरचं बघतायत.

शिंपली, तारीख ४ ऑक्टोबर होती, मुरिंगच्या वहीत लिहिलेली सापडली, सकाळी साडेनऊ, १३ मीटर. गणपती झाले की यावर्षी कॅनडाला जायच्या आधी दर दोन दिवसांनी त्याच जागेवर कॉम्प्युटर दोरीला बांधून खाली सोडतो आणि आकडे इथे टाकतो. बाबा म्हणाले त्या दिवसांत त्यांना तळाच्या जाळ्यात मासे कमी आणि वरच्या जाळ्यात भलतेच मिळतात, हे ते लहानपणापासून बघतायत. त्यांना विचारून कोणते मासे तेही लिहितो.

आणि त्या कवचातल्या माशाचा फोटो टाकतोय, हलला आहे जरा, हात ओला होता. कुणी ओळखलं तर सांगा.